साहेबांनी झोका घेतलेलं छत

मी, भानुबेन हरगोविंदभाई वाळंद, वय ५३, धंदा घरकाम, राहणार पाणीपुरवठा खात्याची वसाहत, ब्लॉक ४, मोटा सणवल, पोलीस ठाण्यात हजर होऊन विचारल्यावरून सांगते की,

माझे पती खात्यात पंप चालवत. क्वार्टर ताब्यात मिळालं तेव्हाच पुढच्या खोलीच्या स्लॅबमध्ये हिंचक्याच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, कड्या होत्या. वसाहतीत घरोघर तशाच आहेत. बांधणारेही आमच्यासारखे गुजरातीच, कड्या न सोडता स्लॅब कोण ओतणार? आम्ही फक्त पाट टांगला.

यंदा होळीनंतर कड्यांभोवतीचं प्लास्टर गळून गंजलेली सळई दिसू लागली. पतींनी पाट काढून ठेवला आणि दुरुस्तीचा अर्ज दिला. खात्याचा माणूस येऊन चुना मारून गेला. सळई दिसेनाशी झाली, एवढीच दुरुस्ती. पुन्हा अर्ज केल्यावर उपअभियंता केतनभाई अमीन स्वतः आले. त्यांनी पाट टांगायला लावला, त्यावर बसून चहा घेतला, झोकेही घेतले. म्हणाले, "हरगोविंदभाई, मला पेललं, मग तुम्हाला नाही पेलणार? निवांत झुला." साहेब अंगाने भरभक्कम आहेत. पतींना ते पटलं आणि पाट तसाच राहिला. मी त्यावर बसले नाही.

ता. ११ जून रोजी दुपारी जेवून ते झोके घेत होते. मी मोरीत ताटं घासत होते. कड्यांची करकर थांबली आणि स्लॅब खाली आला. शेजाऱ्यांनी मलबा उपसला. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले होते.

बारावं झालं त्या संध्याकाळी केतनभाई घरी आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाभी, हिंचका परवानगीशिवाय लावला होता असं सांगा. मग मितेशला बापाच्या जागी घ्यायचं बघता येईल. नाहीतर चौकशी लांबेल, क्वार्टरही जाईल." मला संताप आला, पण घरात पाहुणे होते. मी साहेबांना पाणी दिलं.

कड्या सरकारच्या, छत सरकारचं, आणि त्याखाली बसायला सरकारच्याच माणसाने सांगितलं. आम्ही परवानगी कुणाची घ्यायची होती?

मितेश माझा एकुलता मुलगा. त्याला काम नाही. तो बाहेर बाकावर बसला आहे. साहेबांनी सांगितलं तेच मी सांगतेय, असं त्याला वाटतं.

हवालदारांनी हे सर्व मला वाचून दाखवलं. मुलाच्या नोकरीचा भाग गाळू का, असं विचारलं. राहू द्या म्हटलं. लिहिलंय ते माझ्या सांगण्याबरहुकूम आणि खरं आहे.

सही : भानुबेन ह. वाळंद