पलीकडे कळू नये म्हणून

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात माझ्या पुढे एक निवृत्त गृहस्थ बसले होते. काउंटरमागे एक बाई भिंग लावून दुसऱ्याच कुणाचा फोन उघडत होत्या.

"फोन रूट करून द्या, ताई. मग त्याचा सगळा ताबा आपल्याकडे येतो ना?"

"येतो, काका. पण वॉरंटी जाते. बँकेचं अ‍ॅप बंद पडू शकतं. आणि त्याआधी फोन पुसून अगदी कोरा करावा लागतो. एवढा खटाटोप कशासाठी?"

"फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करायचंय."

"ती सोय तुमच्या फोनमध्ये आहेच की."

"आहे, पण ती सुरू केली की पलीकडे सूचना ऐकू जाते. लेक लगेच विचारते, बाबा, रेकॉर्ड कशाला करताय?"

"मग सांगून टाका खरं काय ते."

"काय सांगू? तू सकाळी बोललेलं मला संध्याकाळी आठवत नाही म्हणून? नोकरी सोडून बॅगेसकट दारात उभी राहील."

"तिच्या नकळत रेकॉर्ड करणं काही बरं नाही, काका. त्यापेक्षा वहीत लिहून ठेवा."

"वही कुठे ठेवली तेच सापडत नाही. फोन निदान वाजतो तरी."

"रागावू नका, पण मागच्या मंगळवारी तुम्ही याच खुर्चीत बसला होतात. हेच सगळं बोललो आपण."

"असं? मग काय ठरलं होतं?"

"लेकीला सगळं सांगतो म्हणालात आणि उठलात."

"बरं. मग सांगितलं का मी?"