मुलगा डास पाळतो

...नाही, मी काय म्हणतो, कुणी वकील असतो, कुणी न्हावी असतो, कुणी बँकेत असतो, एका शब्दात विषय संपतो हो. मुलगा काय करतो? वकिली करतो. बरं, चहा घ्या. माझं तसं नाही. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की मला आधी घोटभर पाणी प्यावं लागतं, मग घसा खाकरावा लागतो, आणि मग समोरच्या बिस्किटाकडे बघत सांगावं लागतं की मुलगा डास पाळतो.

हसा, हसा. माझी आईसुद्धा हसते. अख्खं जग डास मारायला निघालंय आणि आमचं कार्टं त्यांना वाढवतंय, असं ती शेजारणीला सांगते, माझ्यादेखत. अहो, पण पोटापाण्याचा धंदा आहे तो, प्रयोगशाळा आहे, मोठी मॅडम आहे, पगार आहे! तुम्हाला सांगतो, आमचे डास साधे नाहीत. त्यांच्या अंगात एक जिवाणू असतो, तो असला की डेंग्यूचा विषाणू तिथं नीट वाढत नाही. मग आम्ही ते डास गल्लोगल्ली सोडतो, ते बाहेरच्या डासांशी लग्नं करतात, आणि हळूहळू पुढच्या पिढ्या आमच्या वळणाच्या निघतात. थोडक्यात मी स्थळं जमवतो. डासांची जमतात. माझंच जमत नव्हतं.

आणि काम सोपं नाही बरं का. त्यांना ऊब लागते पण उकाडा सोसत नाही, ओल लागते, वेळेवर जेवण लागतं. नर बिचारे साखरपाण्यावर गप्प असतात, घरोघरी तेच, पण मादीला रक्त लागतं. ते कुणाचं? पिंजऱ्याला एका बाजूनं कापडाची बाही असते, तिच्यातून आपला हात आत घालायचा आणि पेपर वाचत बसायचं. त्यांचं आटोपलं की हात बाहेर. या हातावर किती पंगती उठल्यात, विचारू नका.

तर तिच्या घरी गेलो. ती म्हणजे आताची बायको, तेव्हा नव्हती. औषधांच्या दुकानात काम करायची, खाजेवरचं मलम घ्यायला मी रोज जायचो, त्यातून जमलं. तिचे वडील शिंपी, आयुष्यभर टेप गळ्यात, माणसाकडे बघतानाही आधी खांद्याचं माप घेतात. त्यांनी माझं माप घेतलं आणि विचारलं, "काय करता आपण?"

पाणी प्यालो. खाकरलो. सांगितलं.

आता मला काय माहीत, की आदल्याच वर्षी त्यांना डेंग्यू होऊन गेला होता? तिनं सांगितलंच नव्हतं. का, तर म्हणे तू आलाच नसतास. चांगलं दवाखान्यात नेऊन ठेवलं होतं त्यांना, हाडांचा पार चुरा झाल्यासारखं दुखायचं, उशी सरकवायलाही काकू लागायच्या, म्हणजे तिची आई, आणि मग त्या बाहेर बाकड्यावर बसून रडायच्या. तिथून माणूस घरी आला तो हातात डास मारायची रॅकेट घेऊनच. झोपायच्या खोलीला स्वतः मशीनवर बसून जाळीचे पडदे शिवले, एकामागे एक तीन पदर, फटी बुजवल्या, खिडक्या कायमच्या बंद म्हणून एसी बसवला, वीज गेली तर इन्व्हर्टर. वर्षभरात त्या खोलीत एक डास शिरला नव्हता. आणि त्यांच्यापुढे मी बिस्कीट बुडवत बसलोय.

ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "हिवाळ्यात तरी मेले मरायचे पूर्वी. आता थंडीच पडत नाही, बारा महिने डास. आणि तुम्ही त्यात भर घालता? मी एकुलती एक पोरगी वाढवली ती डासवाल्याला द्यायला नाही." मी समजवायला गेलो तर रॅकेट उचलली, माझ्या कानाशी चट् करून एक टिपला. म्हणाले, "तुमचा होता का? सॉरी."

झालं. तोंडात मारल्यासारखा घरी आलो. चहाचा कपसुद्धा अर्धा राहिला.

मग आला तो उन्हाळा. पावसाच्या आधी डास सोडायचे ठरले होते, पिंजरे भरलेले, महिन्यांची मेहनत, आणि पहिली गल्ली कुठली? त्यांचीच! अशा ऐन वेळी भर दुपारी आमच्या प्रयोगशाळेची वीज गेली. जनरेटर खोकला आणि बसला. बाहेर डांबर चपलेला चिकटतंय, आत पिंजरे तापायला लागलेत, आणि उष्मा फार झाला की तो जिवाणू मरगळतो, मग राहिले काय, साधे डास! मॅडम म्हणाल्या, "ज्याच्या घरी गार खोली आहे त्यानं पिंजरे घेऊन पळा." माझ्या घरी पंखा. तोही आवाजापुरता. मी हिला फोन केला, रडकुंडीला येऊन, नुसतं मन मोकळं करायला हो, तर ही म्हणते, "बाबांची खोली आहे की. आमच्याकडे वीज आहे."

मी म्हटलं, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?

पण करतो काय? डास मरू द्यायचे, तर मॅडमला काय तोंड दाखवू? आणि नेऊन पोचवायचे, तर त्यांचं माझं दोघांचं मरण एकाच रॅकेटनं. गाडीतून उतरलो तेव्हा दोन्ही हातांत पिंजरे होते. दारात काका. गळ्यात टेप, हातात रॅकेट. मी एका दमात सगळं सांगितलं, की काका, हे मेले तर तुमची गल्ली यंदा राहिली, पुन्हा कुणाला तुमच्यासारखा ताप आला तर मला झोप लागायची नाही, लग्नाचं राहू द्या, नका देऊ मुलगी, नुसती खोली द्या.

मागून काकू म्हणाल्या, "अहो, तो उन्हात उभा आहे." मग काकांनी पडदा वर धरला. पहिला पदर, दुसरा पदर, आणि तिसऱ्या पदराच्या हुकात माझ्या पिंजऱ्याची बाही अडकली आणि टर्रकन फाटली.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ना, ते हेच. माझे दोन्ही हात गुंतलेले. आणि काकांनी काय करावं? रॅकेट काखेत मारली आणि दोन्ही मुठींनी ती फाटकी बाही गच्च आवळून धरली. ओरडले, "सुई दोरा आण गं! पांढरा!" तेवढ्यात एक मादी निसटलीच. घिरटी घातली आणि जाऊन बसली कुठे, तर काकांच्या मनगटावर. हात सोडावा तर सगळं बिऱ्हाड बाहेर. माझी पाचावर धारण बसली.

काका तिच्याकडे बघतायत. ती सोंड रोवून बसलीय.

"जेवतेय काय ही?"

"हो काका."

"हिनं काही होत नाही म्हणतोस?"

"नाही काका. आमची आहे. मला रोज चावतात."

घाबरले होते ते, दवाखाना आठवला असणार. तरी हात हलवला नाही. म्हणाले, "मग जेवू दे. जेवत्याला ताटावरून उठवू नये."

मग उभ्याउभ्या बाही शिवली, अशी बारीक टीप, की मॅडमनं नंतर विचारलं कुठून आणली. संध्याकाळपर्यंत ते पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसले. म्हणाले, "गल्लीत फरक पडायला किती वेळ?" मी म्हटलं, वेळ लागेल, वर्षं लागतील. "आणि लग्नाला?" मी पाणी मागितलं.

आता आमच्या सगळ्या पिंजऱ्यांच्या बाह्या सासरे शिवतात. रॅकेट कपाटावर धूळ खातेय. दुकानात कुणी विचारलं, जावई काय करतात, तर छाती काढून सांगतात, "डास पाळतात. शिलाई माझी." सुखात आहे हो मी, तक्रार नाही. एवढंच, की परवा त्यांच्याकडे जेवायला बसलो, पहिला घास उचलला आणि मानेवर एक येऊन बसली. मी हात उगारला, तर सासरे म्हणाले, "थांबा जावईबापू, आपली असेल." बायको म्हणाली, हलू नकोस. सासूबाईंनी माझ्या ताटावर झाकण ठेवलं.

बसलो तसाच, मान पुढे करून. काय करणार? त्या घरात माझ्याआधी तिचं जेवण.