आजोबांचे आगाऊ हात

नात : आजोबा, थांब! साच्यात काय टाकलंस ते?

आजोबा : कुठं काय? आतून तूप लावलं, वरून जरासा… अरे देवा.

आई : बाबा, मैदा? या घरात मैदा आला कुठून?

आजोबा : खिशातून. पुडी असते ना माझ्या खिशात.

आई : अंघोळ केलीत, कपडे बदललेत, आणि खिशात पुडी!

आजोबा : चाळीस वर्षं बेकरी चालवतोय मी. चष्मा विसरेन, पुडी नाही विसरत. मैदा भुरभुरवला नाही तर केक साच्याला चिकटतो. डोकं म्हणत होतं तांदळाचं पीठ घे, पण हात ऐकतील तर शपथ!

आई : चिमूटभर मैद्यानं हिचं पोट दोन दिवस दुखतं. घरात गव्हाचा कण ठेवला नाही आम्ही. हिचे पप्पा पाव खातात तेसुद्धा ऑफिसात, आणि चूळ भरूनच घरी येतात.

नात : दाराबाहेर शर्टपण झटकतात!

आजोबा : मैदा उडाला, फेटलेलं सगळं वाया गेलं गं.

आई : असू दे. पाचला मुलं येतील. हिच्यापुरती फळं कापते मी.

नात : मागच्या वाढदिवसालापण फळंच होती. मेणबत्त्या मी विझवल्या आणि केक बाकीच्यांनी बाहेर अंगणात खाल्ला.

आजोबा : अख्ख्या गल्लीतल्या पोरांचे केक केले मी. आणि माझ्याच नातीच्या बशीत केळं. जीव तुटतो माझा.

नात : रडू नकोस रे. तुला सगळं येतं, फक्त तुझे हात आगाऊ आहेत. ते मागे बांध. तू सांग, मी करते.

आजोबा : हात बांधून? मी?

आई : आधी ॲप्रन पुडीसकट बाहेर. मग कोपरापर्यंत साबण. ओटा मी धुते. दुसरा साचा कोरा आहे.

नात : आजोबा, अजून किती फेटू?

आजोबा : मनगटातून फेट, खांद्यातून नाही! पीठ मोकळं पडलं पाहिजे. अगं असं नाही, आण इकडे…

नात : हात!

आजोबा : मागेच आहेत गं बाई.

(पाच वाजून गेलेत. मेणबत्त्या नुकत्याच विझल्यात.)

आई : एका बाजूला कलंडलाय की हो.

आजोबा : दुकानात असला केक मी काचेमागे मांडला नसता. मस्त झालाय!

आई : घ्या बाबा, पहिला तुकडा. चाखल्याशिवाय तुम्ही कुणाला देत नाही ना?

आजोबा : आज तो मान हिचा. खा गं. कसा झालाय? बोल की पटकन!

नात : भुगा होतोय थोडा. पण आजोबा, तुझ्या दुकानात शिरलं की जसा वास येतो ना, अगदी तसाच लागतोय.

आजोबा : (हात अजून मागेच) शाब्बास गं बाई!

नात : आता सोड ना हात. टाळ्या कोण वाजवणार?