हिरव्यातला काटा

…अन् मले एक सांगा, हिरवं म्हनजे चांगलं, हे ठरवलं कोनं? नाई, तुमीच सांगा. मिरची हिरवी असते, खाऊन पाहा मूठभर! डबक्यातलं पानी हिरवं असते, पिऊन पाहा घोटभर! पन आमच्या नितेशले कोन समजावन? गाडी घाटात मरून राहिली होती, बाजूले बायको सांगून राहिली होती का थांबा, थांबा… अन् हा म्हने कसा, काहून थांबू? काटा हिरव्यात आहे ना!

थांबा, असं मधातून नाई समजायचं. नितेश म्हनजे आमच्या अकोल्याचाच, बी-बियान्याचं दुकान आहे त्याचं, अन् त्याच्या भिंतीले लागून माहं सायकलचं. पोट्टा गुनाचा. व्यसन नाई, भानगड नाई… एकच खोड, त्याले वाईट बातमी सोसत नाई. पाऊस लांबनार असं छापून आलं तं पेपरची घडी करते. डोकं दुखलं तं डॉक्टर बदलत जाते, जो हसून "काई नाई झालं" म्हनन तोच हुशार डॉक्टर. अशा मानसानं काय घ्यावं? टर्बोची गाडी घेतली, जुनी! टर्बो म्हनजे, तुमाले सांगतो, इंजिनच्या तोंडात जबरदस्तीनं हवा कोंबनारा पंखा. जितकी कोंबान तितकी गाडी पळते, अन् लय कोंबली, गरम कोंबली, का आतमधी पेट्रोल भलत्याच टायमाले भडकते अन् इंजिनच फोडून टाकते. एवढं तं मले सायकलवाल्याले समजलं.

पन ह्याले तेवढ्या जोरावर समाधान नव्हतं, अजून वाढवून घ्यायचा होता. काहून? तं त्याच्या बायकोची, आकांक्षाची, ऑर्डर निघाली होती. आरोग्यसेविका, सेमाडोहकडे, पार मेळघाटच्या जंगलात. परीक्षा देऊन देऊन पोरीचे डोळे खोल गेले होते तवा कुठी ही नोकरी लागली, बापा. अन् शुक्रवारी ऑफिस बंद व्हायच्या आत हजर नाई झाली तं जागा दुसऱ्या पोरीले. ते बिचारी म्हने, परतवाड्याहून जीपा जातात, मी जाईन जीपनं. तं ह्याचा अपमान झाला! बायको जीपनं गेली तं टर्बो काय पूजेले घेतली? घाटातून असं नेतो म्हने, का तुले समजनारबी नाई घाट केव्हा आला. तवाच मले कसंतरी वाटलं होतं.

आता अमरावतीले बडनेरा रोडवर स्वप्निल नावाचा पोट्टा आहे, गाड्या ट्यून करते. त्यानं साफ सांगतलं, दादा, जोर मी वाढवून देतो, पन आतमधी काय चालू आहे हे तुमाले कळलं पायजे. अन् समोर तीन वस्तू मांडल्या. एक, स्टिअरिंगच्या खाली खोचायची, मंग मोबाईलवर इंजिनची सगळी खबर येते. दुसरी, एक माईक, तो इंजिनले आवळून टाकायचा अन् कानाले हेडफोन लावायचा, आत भलतं काई भडकलं का आवाज येते. अन् तिसरा हा काटा. गोल, चकचकीत, डॅशबोर्डवर बसवायचा, इंजिनात जानारी हवा किती गरम आहे ते दाखवते… हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, लाल पट्टा. स्वप्निल म्हने, काटा दिसाले भारी आहे, पन माईक घ्या, माईक पहिले सांगते.

नितेशनं जोर वाढवून घेतला अन् तिन्ही वस्तू आनल्या, ट्रायले. मे महिना, अन् अकोला! पहिले ते मोबाईलवालं लावलं. गल्लीच्या तोंडाशी गेला नसन तं ते बोंबलाले लागलं. हवा गरम, हवा गरम! हा म्हने, चायनाचं दिसते, अन् उपटून डिक्कीत फेकलं. मंग हेडफोन लावले. गेला, अन् आला तं तोंड उतरलेलं. काय ऐकलं त्यालेच माहीत. म्या विचारलं, काहून रे, काय झालं? तं माह्याकडे पाहालेबी तयार नाई. "भाऊ," म्हने, "मले ऐकायचं नाई. मले पाहायचं आहे."

झालं! राहिला काटा. पन काटाबी पिवळ्यातच येऊन बसला ना. नितेशचं जेवनावरून मन उडालं. अन् मंग त्यानं जे केलं ते अकोल्याचाच मानूस करू जाने. दुपारी घरी कूलरसमोर बसला होता, वाळ्याच्या ताटीतून गार हवा येऊन राहिली होती, तं एकदम उठला! टर्बोची हवा गार करायले गाडीच्या तोंडाशी एक जाळी असते, तिच्यासमोर त्यानं वाळ्याची ताटी ठोकली. वरून कूलरचा लहान पंप, मागच्या सीटखाली पान्याची कॅन, अन् गाडीच्या तोंडातून थेंब थेंब पानी चालू! अन् काट्याची वायर? ते पाईपले भोक पाडून आतल्या हवेत सोडायची असते. पन भोक पाडाले ह्याचा जीव होईना, तवर पाईपले वरूनच बांधली होती, ते काढून त्यानं वायरचं टोक खोचलं त्या ओल्या वाळ्यात. काटा सर्रकन हिरव्यात!

अरे बावा, तो गवताचा ताप मोजून राहिला, इंजिनचा नाई! उलट ताटीनं होती नव्हती ती हवाबी अडली. पन गल्ली जमा झाली ना पाहाले. त्याचे वडील, सूर्यभानकाका, नाकानं वास घेऊन म्हने, पोट्टं इंजिनिअर व्हायले पायजे होतं. मीबी वास घेतला, खोटं काहून बोलू… मस्त वास होता. नितेशनं काट्याचा फोटो काढून स्वप्निलले धाडला. तो म्हने, एवढं गार? मंग तं अजून जोर देता येईन, आना गाडी! अन् दिला त्यानं. काटा हिरव्यात होता ना.

शुक्रवार उजाडला. आकांक्षा नवी साडी नेसून, कागदाची पिशवी मांडीवर घेऊन बसली. आकोट मागं पडलं तसं तिनं कान टवकारले. नर्सच्या शिक्षनाची पोरगी, ऐकायची सवय. म्हने, आवाज येऊन राहिला, कढईत फुटाने फुटतात तसा. ह्यानं काट्याकडे बोट दाखवलं, हिरव्यात आहे. परतवाडा आलं. स्टँडवर जीपा उभ्या, पोट्टे "सेमाडोह, सेमाडोह" ओरडून राहिले. आकांक्षा म्हने, मले इथीच उतरवा, मी जाते. ह्यानं गाडीच थांबवली नाई, काटा हिरव्यात आहे म्हने. पुढे जंगल लागलं. रस्त्यावर मानूस नाई, ढोर नाई, पाखराचा आवाज नाई… नुसते फुटाने. अन् घाट चढतानी ते फुटाने कसे, कोनी कढईखाली जाळ वाढवत न्यावा तसे वाढाले लागले. गाडीची ताकद जाऊन राहिली, तं हा अजून पाय दाबून राहिला. आकांक्षा म्हने, थांबा, थांबा… तं हा म्हने, काहून थांबू? काटा हिरव्यात आहे ना! तवा ते बोलली.

"पेशंट म्हनते छातीत दुखते," म्हने, "अन् तुमी त्याच्या चष्म्याचा नंबर पाहून राहिले."

हा काई बोलनार, तेवढ्यात आतमधी एकच दनका बसला. अन् मंग काई नाई! फुटाने नाई, इंजिन नाई. मागून पांढरा धूर, समोर वळन, दोन्हीकडे सागवान, बाजूले पाटी का गाडीतून उतरू नये, वाघाचा इलाका. मोबाईल पाह्यला तं रेंज नाई. गाडी कुठी थांबली पाहा! शहरात मेली असती तं चहातरी पाजला असता कोनी. आकांक्षा रडली नाई हो. पिशवी छातीशी धरून नुसती मागच्या रस्त्याकडे पाहत राहिली. नितेश सांगत होता मले, भाऊ, तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं. अन् काटा? हिरव्यात! बॅटरी चालू होती ना बावा, पंप चालू होता, वाळा गार होता. इंजिन मेलं, गवत मजेत!

नशीब म्हना, एक जीप आली, देवरावची, ठेचून भरलेली. बाया सरकल्या, तिले बसवलं. ते खिडकीतून म्हने, तुमी येता? हा गाडी सोडून कसा येनार? गेली ते. मंग हा एकटाच. ऊन असं, का आतमधी बसवेना, अन् त्या अख्ख्या जंगलात गार जागा एकच, गाडीच्या तोंडासमोर, ताटीजवळ. तं नितेश तिथीच पाय पसरून बसला, पार जंगलखात्याची गाडी येते तवर. तिकडे सायेब कुलूप लावून राहिले होते तवा आकांक्षा पोचली. सही झाली. नोकरी वाचली, बापा.

गाडी अमरावतीले नेली ओढत. स्वप्निलनं ताटी उचकटली, वायरचं टोक हातात घेतलं, वाळा हुंगला अन् इंजिन खोलाले घेतलं. पिस्टनले भोक पडलं होतं. इंजिन अजूनबी त्याच्याकडे खोलूनच पडलं आहे.

अन् आता? आता आकांक्षा सेमाडोहले, अन् नितेश दर शनिवारी दुकान बंद करून तिच्याकडे जाते. जाते कशानं? देवरावच्या जीपनं! पुढच्या सीटवर बसते. त्या जीपले, तुमाले सांगतो, काटाच नाई एकही. काट्याच्या जागी भोकं आहेत, एका भोकात अगरबत्ती खोचली असते. अन् नितेशचे कान आता असे झाले, का सायकलची चेन करकरली तं दुकानातून बाहेर येते. तं परवा घाट लागला, अन् ह्याले आवाज आला. तेच फुटाने! ह्याचं तोंड पांढरं. "देवरावभाऊ," म्हने, "आवाज येऊन राहिला."

देवराव म्हने, "येऊ द्या ना. आवाज येते तवर भ्यायचं नाई. बंद झाला का भ्यायचं."

तं आता आमचा नितेश काय करते… परतवाडा सुटलं का डोळे मिटते, दोन्ही हात मांडीवर ठेवते, अन् सेमाडोह येते तवर कान देऊन बसते, का बावा, आवाज बंद तं नाई झाला.