वीजमांजरासमोर गांडूळ

— अहो नको, नको, बटणाला हात लावू नका, पंखा मी लावतो — ते लाटणं द्या जरा, हां, तेच, खुंटीवरचं — लागला बघा. असे बघताय काय? घामाने हात ओला असतो, म्हणून लाटण्याने दाबतो. चौतीस वर्षं वीज खात्यात वायरमन होतो मी, एवढी काळजी अंगवळणी पडते. बसा, ह्या खुर्चीत बसा, त्या नको, तिचा पाय हलतो. घर बघून झालं ना तुमचं? हर्षदने सगळं सांगितलंच असेल — माझा मुलगा कामाला पक्का, बापाचं मिरजोळ्यातलं घर विकायला ठाण्यात बसून लांज्याचं गिऱ्हाईक शोधतो. तुमचा काजूचा धंदा ना लांज्याला? चांगलं, चांगलं. तर तुम्ही म्हणाल, दादूकाका, घर देणार की नाय ते सांगा एकदा. सांगतो ना. अकरा वाजता सांगतो. आता पावणेअकरा झालेत. नाय हो, वकील यायचा नाय, एजंट यायचा नाय. एक निळं मांजर यायचं आहे. मोबाईलवर.

हसा, हसा. अख्खं मिरजोळं हसतं, तुम्ही तर परके. पण ऐका. आमची ही, गोदा, गेली त्याला दोन वर्षं होतील आता. तेव्हापासून हर्षदचं एकच पालुपद — बाबा, घर काढून टाका, ठाण्याला या. मी म्हणतो नाय. तो म्हणतो का नाय. मी म्हणतो, तुझ्या त्या चौदाव्या मजल्यावर मी काय करू, कबुतरं हाकलू? फोनवर आमची अशी जुंपते की सखूबाय — ही कुंपणापलीकडची शेजारीण — ती मिक्सर बंद करून ऐकते. शेवटी माझ्या नातीने तोडगा काढला. वेदिका, अकरा वर्षांची. म्हणाली, भांडू नका, मॅच लावूया, रविवारी, अकरा वाजता. आबा हरला तर घर विकून ठाण्याला यायचं. आबा जिंकला तर बाबांनी घराचं नाव काढायचं नाय. आणि हर्षद कबूल! बँकेत आहे तो, चार ठिकाणी सही घेतल्याशिवाय कुणाला पेन परत देत नाय, आणि ह्या गोष्टीला लगेच कबूल — का? कारण त्याला माहीत आहे, पोरगी हरत नाय.

आता खेळ असा — जवळ या, दिसतंय ना? — प्रत्येकाकडे तीन राक्षस. त्यांची इंग्रजी नावं माझ्या तोंडात बसत नाय, मी आपली ठेवली. प्रत्येकाची एक जात असते — अहो, तशी जात नाय हो, कुठे निघालात! — गुण म्हणा, गुण. कुणी आगीचं, कुणी पाण्याचं, कुणी झाडाचं. पाणी आगीला भारी, आग झाडाला भारी, झाड पाण्याला भारी. म्हणजे कुणी कितीही माजलेला असला तरी त्याला कुणीतरी भारी असतंच, हे मला आवडलं. गोदा गेल्यावर ह्या पोरीनेच मला हा खेळ घालून दिला. आबा, रोज संध्याकाळी अर्धा तास, म्हणाली. मला वाटलं, पोरीला खेळायला कुणी नाय म्हणून खेळतोय. तिला वाटत असणार आबाला कुणी नाय म्हणून. दोघांचंही खरं असेल. तर सांगत काय होतो — हां, मांजर. तिच्याकडे जे आहे ना, ते विजेचं. वीजमांजर. एवढंसं, निळं, शेपूट म्हणजे तुटून लोंबणारी वायर, आणि डोळे असे मिटून बसतं की वाटावं, दूध घालावं ह्याला. आणि मग जे उडतं!

माझ्याकडे आहे कुर्ली. पाण्याची खेकडीण. भाट्याच्या किनाऱ्यावर, पुळणीत सापडते तशीच, फक्त बैलाएवढी. दोन वर्षं वाढवली हो मी तिला, गुण बिण काय नाय बघितला, जीव लागला म्हणून. पहिल्या रविवारी तिलाच पुढे केलं. चौतीस वर्षं लोकांना ओरडून सांगितलं, ओल्या हाताने बटण दाबू नका, आणि स्वतः अख्खी ओली कुर्ली विजेसमोर नेऊन ठेवली! एका झटक्यात कालवणालायक. ती मॅच मी धरली नाय. म्हटलं, ही प्रॅक्टिस. वेदिका म्हणाली, चालेल आबा. मोठ्या मनाची आहे, आजीवर गेली.

मग मी अभ्यासाला बसलो. खेळात एक तक्ता आहे, कोण कुणाला भारी त्याचा. चष्मा लावून वाचला. विजेला भारी कोण? पाणी नाय, आग नाय, झाड थोडंफार टिकतं. पण वीज ज्याला अजिबात काही करू शकत नाय असं एकच — जमीन. अहो, मी टाळी वाजवली. अर्थिंग! माझाच धंदा! विजेला शेवटी जायचं कुठे, जमिनीत. म्हटलं, हर्षदा, आता बस हात चोळत. आणि काढला माझा दुसरा गडी — कातळ्या. डोंगराएवढा, अंगावर सडा, म्हणजे उघडा कातळ, डोक्यावर गवत. दुसऱ्या रविवारी मिशीला पीळ देऊन उभा केला. मांजराने डोळे मिटले, उघडले, आणि कातळ्याचे चिरे! बांधकामाला नेण्यासारखे चिरे पडले हो! मी ओरडलो, हे खोटं आहे, जमिनीला वीज लागत नाय! तर पोरगी शांतपणे म्हणते, आबा, तो दगड आहे. जमीन वेगळी, दगड वेगळा. तक्त्यात दोन रकाने आहेत.

आता सांगा, चूक कुणाची? आपल्याकडे जमीन म्हटलं की काय? कातळच ना? कुदळ मारली की ठिणगी उडते ती जमीन. देशावरच्या माणसाला दगड वेगळा आणि जमीन वेगळी, रत्नागिरीच्या माणसाने हे कुठे बघितलं? पण मग रात्रभर — नाय, रात्रभर नाय, झोपलो मी, पण सकाळी चहा घेताना डोक्यात आलं, दादू, लेका, तू कसला वायरमन! कातळावर अर्थिंग मिळतं काय कधी? इथल्याच, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, शेड बांधणाऱ्या शेठांना मीच सांगायचो ना, नुसता पाईप कातळात ठोकून उपयोग नाय, पुरुषभर खड्डा खणा, कोळसा घाला, मीठ घाला, लाल माती भरा, वर पाणी ओता. कातळ वीज घेत नाय. माती घेते. मागच्या दारी तुम्ही ज्या पाईपाला अडखळलात ना, तो आपला अर्थिंगचा खड्डा. गोदा उन्हाळाभर रोज त्यात तांब्याभर पाणी ओतायची. मी सांगितलं होतं एकदा, लग्नाच्या वर्षी. तीस-पस्तीस वर्षं ओतलं तिने. आता मी ओततो. तुम्ही घर घेतलंत तर — जाऊदे. तुम्ही एसी लावाल, वायरमन तुम्हाला सांगेल काय ते.

ती दुसरी मॅचपण मी धरली नाय. रेंज गेली म्हटलं. रेंज गेली नव्हती. पण आज तिसरी, आज काही सबब चालणार नाय असं हर्षदने बजावलंय. आणि आज माझ्याकडे हा आहे — हा बघा — गांडूळ. काय तोंड वाकडं करताय! मीपण केलं होतं. दोन वर्षं पिशवीत पडून होता, नावसुद्धा नव्हतं दिलं. डोळे नाय, दात नाय, हल्ला म्हणून काय करतो तर माती उकरतो. पण जमिनीचा आहे तो, अस्सल, दुसऱ्या रकान्यातला. वीजमांजराने आभाळ खाली आणलं तरी ह्याच्या केसाला — केस नाय त्याला, पण समजलं ना तुम्हाला. फक्त त्याला आत पुरावं लागतं. इथे ह्या गोलावर बोट ठेवायचं आणि गोल भरेपर्यंत उचलायचं नाय. बोट उचललं की गांडूळ वर, आणि मग त्याला नख लागलं तरी खलास. तेवढंच कौशल्य. बोट ठेवायचं. पोरंसोरं करतात.

फोन वाजला! आली, आली — ये गो बाय. आंघोळ झाली? दात घासलेस? बरं, बरं, नाय विचारत. बाबा कुठे आहे, बाजारात गेलाय? जाऊदे. स्पीकर चालू ठेवतो, चल, लाव. — बघा साहेब, सुरू झालं, तुम्ही इकडे माझ्या बाजूला या, प्रकाश अडवू नका. हा तिचा पहिला, झाडाचा, माकड आहे ते. ह्याला कुर्ली नको, थांब हां — कातळ्या, उतर बाबा. चेप. चेप त्याला! गेलं माकड! बघितलंत? कातळ्याचा राग काढला मी आज. हा दुसरा तिचा, आगीचा कोंबडा. कुर्ली! आता तुझी पाळी गो — धर नांगीत, धर — धरला! वेदिका, काय गो, घाबरलीस? घाबर, घाबर. साहेब, दोन गेले तिचे, माझे तिघेही उभे आहेत, तुम्ही तुमचा काजू लांज्यालाच ठेवा. आणि हे आलं. मांजर. बसलं बघा डोळे मिटून. — गेली कुर्ली. कातळ्या — गेला. तोही गेला. हरकत नाय, हे ठरलेलंच होतं. आता गांडूळ. उतर रे. आता बोट —

बोट ठेवायचं. ठेवतो. ठेवलं — हॅट! उचललं गेलं. चमकलं ना एकदम, आणि फोन थरथरतो हातात. परत. वाचला गांडूळ, नेम चुकला मांजराचा. परत ठेवतो — नाय, अहो, हात माझा — थांबा. हात नका धरू माझा, काय नाय झालेलं. तुम्ही दाबता काय? तुम्ही दाबा, ह्या गोलावर, हे इथे — नाय, थांबा, तुम्ही कसे दाबाल, तुम्हाला घर पाहिजे! तुम्ही तर उचलाल बोट. तुमचा दोष नाय, मीपण उचललं असतं. अहो, हसण्यासारखं नाय हे. तुम्हाला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नका — मागच्या महिन्यात सखूबायच्या ओटीवरचा दिवा गेला. मी गेलो शिडी घेऊन. आणि मेन बंद केला नाय. मी! मेन बंद केला नाय म्हणून मी माणसांना घरातून बाहेर काढून झापलंय. गप्पा मारत चढलो, वायर हातात घेतली, आणि पुढचं एवढंच आठवतं की मी खाली कातळावर उताणा आणि वर आभाळ. सखूबाय मागच्या दारी होती, तिला सांगितलं, शेवाळावरून घसरलो. हर्षदला तर तेवढंसुद्धा नाय. त्या दिवसापासून बटणाला हात जात नाय माझा. लाटण्याने दिवा लावतो मी साहेब. दादू वायरमन, लाटण्याने. अंधार पडताना एकटा उभा असतो लाटणं घेऊन आणि वाटतं, आता परत पडलो तर सकाळपर्यंत कुणाला कळायचं नाय. भीती वाटते हो. घर सोडायची पण वाटते, घरात राहायची पण वाटते. — आलं, आलं, मांजर उठलं. ह्या वेळी नेम चुकायचा नाय त्याचा. दोन्ही अंगठे ठेवतो. गोदे, बघ गो. चमकूदे. चमक मेल्या, किती चमकायचं ते चमक. थरथरतोय — थरथरूदे — पुरला! आत गेला गांडूळ! ती वीज बघा, सगळी जमिनीत, सगळी! आता वर ये, आणि त्याच्या पायाखालून — पडलं! मांजर पडलं! साहेब, जिंकलो! अहो, जिंकलो मी!

वेदिका! गो, बघितलंस आबाला? बोल की. वेदिका? रडतेस काय? अगो, हरल्यावर रडतात काय, मी दोनदा हरलो, रडलो? — काय? — हरलीस म्हणून नाय, मग कशाला? — कुठची शिडी? नाय गो, मी तर — तू ऐकत होतीस? सगळं? — अरे देवा. मी ह्या साहेबांशी बोलत होतो गो, तुझ्याशी नाय. — होय. होय, तुला सांगायला पाहिजे होतं. — नाय, आता दुखत नाय. खरं सांगतो, कमरेत थोडं. थोडं म्हणजे, वाकताना.

साहेब, तुम्ही निघा आता. अकरा वाजता सांगतो म्हटलं होतं ना, तर जिंकलो मी, घर विकायचं नाय, शब्द म्हणजे शब्द. नमस्कार. — आहे गो, इथेच आहे, फोन नको ठेवू. — आणि साहेब, जाताना तुमचा नंबर तेवढा ओटीवर लिहून ठेवा. — नाय गो, कुणाचा नंबर नाय. तू रडू नको आधी. बाबा आला की त्याला पण बसव तिथे, मीच सांगतो. हां. पडलो होतो. सांगतो, पहिल्यापासून सांगतो. — गेलात नाय तुम्ही अजून? जा हो.