अडतीस टक्के

अपंगत्व तपासणीच्या खोलीबाहेर, बाकावर माझ्या शेजारी कपड्यांच्या कारखान्यातला एक शिंपी आणि त्याची बायको बसली होती. शिंप्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती.

“अडतीस टक्के अपंग म्हणे. चाळीस लागतात. उरलेल्या दोन टक्क्यांसाठी आणखी एक बोट कापून आणू?”

“अहो, हळू बोला. दाखला मिळाला तर कारखान्यात शिवलेले कपडे तपासायच्या टेबलावर बसवतील. नाही तर सोमवारपासून पुन्हा त्याच कापड कापायच्या मशीनवर.”

“तुझ्या भावाचीही दोनच बोटं गेली. तो परदेशात अपंग, मी इथे धडधाकट.”

“तिकडे बोटं मोजत नाहीत. आधीचं काम आता जमतं का, एवढंच विचारतात.”

“म्हणजे सीमा ओलांडून इकडे आलं की बोटं उगवतात.”

“भाऊ सांगत होता, आणखी एका देशात जिना चढता आला नाही तर दोष जिन्याचा धरतात.”

“मग दाखला जिन्याला देतात?”

“थट्टा पुरे. मागच्या वेळी सुई ओवायला सांगितली, तर तुम्ही ती दातांत धरून ओवलीत. टक्के तिथेच गेले.”

“तीस वर्षं शिंपीकाम केलं. सुई ओवता येत नाही म्हणू?”

“आज म्हणायचं. माझी शपथ आहे.”

“बरं बाई.”

आतून त्यांचा नंबर पुकारला.

“सुईला हात लावायचा नाही.”

“नाही लावत. पण त्या डॉक्टरांच्या कोटाचं बटण मागच्या वेळेपासून लोंबतंय.”

“लोंबू दे.”

“दोन टाक्यांचं तर काम आहे.”