चिलखतातल्या सासूबाई

काकुनोदातेच्या जुन्या सामुराई वस्तीत चिलखत घालून फोटो काढायची सोय होती. रांगेत माझ्यापुढे मराठी सासू-सून उभ्या होत्या.

"आई, फार जड असतं हो ते. तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांना विचारूनच आलेय मी, राधिका."

"नचिकेत हसेल फोटो बघून."

"हसू दे की! माझं ऑपरेशन ठरल्यापासून हसलाय कुठे तो?"

"ऑपरेशन तुमचं आणि धास्ती त्याला."

"लहानपणी इंजेक्शन मला द्यायचे, आणि रडायचा हा."

नंबर आला. आजींनी चिलखत चढवलं, शिरस्त्राण घातलं.

"कशी दिसतेय?"

"भयंकर!"

"मग त्याला पाठव आणि खाली लिही, आई तयार आहे. काढलास फोटो?"

"थांबा ना, नीट दिसत नाहीये."

"अगं, शिरस्त्राण माझ्या डोळ्यांवर आलंय. तुला काय झालं?"